पत्र्याचा फर्मा आणि माझं आतडं

दुर्बिणीने आतडं तपासणाऱ्या डॉक्टरांनी पडद्यावरचा फोटो माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "ताई, ही गाठ आहे. तुकडा तपासायला पाठवतोय, पण मला तरी हा कॅन्सर वाटतो." भुलीचा अंमल पुरता उतरला नव्हता. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की शनिवारच्या नवरीचे ब्लाऊज अजून कापायचे आहेत. हसू नका. तुमच्यावर वेळ आली तर तुम्हालाही असंच काहीतरी सुचेल.

मी वारज्यात ब्लाऊज शिवते. माहेर अकोल्याचं, लग्न होऊन पुण्यात आले ती इथलीच झाले. गेलं वर्षभर जिना चढताना धाप लागायची. लग्नसराईचा शीण असेल, असं मी धरून चालले होते. रक्तात हिमोग्लोबिन फार कमी निघालं, लोहाच्या गोळ्या घेऊनही चढेना, तेव्हा कोलोनोस्कोपी सांगितली. म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघायचं. ती तपासणी झोपेत होते, काही कळत नाही. आदल्या दिवशीचं पोट साफ करण्याचं औषध मात्र चांगलंच कळतं.

तुकड्याच्या तपासणीतही कॅन्सरच निघाला. सर्जन अस्सल पुणेकर. "पोटात दुखायचं तेव्हा काय करत होतात?" त्यांनी विचारलं.

"ओवा खात होते."

"ओव्याने गाठी विरघळत असत्या तर मी ओव्याचं दुकान टाकलं असतं," ते म्हणाले, आणि पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन ठरवून मोकळे झाले. माणूस तिरकस, पण हात सोन्याचा. आतड्याचा उजवा भाग काढला, टोकं जोडली. गाठ आतड्याबाहेर पसरली नव्हती.

मग केमोथेरपीची वाट बघत बसले. केमोने बोटं बधिर होतात, असं वॉर्डातल्या एका बाईंनी सांगितलं होतं, आणि माझं सगळं पोट बोटांवर. पण कॅन्सरच्या डॉक्टर मॅडमनी वेगळंच सांगितलं. गाठीच्या तुकड्यावर एक जादा तपासणी केली होती, मिसमॅच रिपेअरची.

ते त्यांनी असं समजावलं. शरीरातली पेशी दुभंगून दोन होते, तेव्हा तिच्यातल्या डीएनएची, म्हणजे शरीर कसं घडवायचं त्या सगळ्या सूचनांची, आधी नक्कल होते. नक्कल करताना चुका होतातच. त्या शोधून दुरुस्त करणारी यंत्रणाही पेशीतच असते. माझ्या गाठीत ती यंत्रणा बंद पडली होती. चुका साठत गेल्या आणि गाठ झाली.

"पण यात एक बरं आहे," मॅडम म्हणाल्या. "इतक्या चुका असलेली गाठ शरीराला परकी वाटते, शरीर तिच्याशी झुंजतं. तुमच्या टप्प्यावर अशा गाठीत नेहमीच्या केमोचा फायदा दिसत नाही. केमो नको. पुढेमागे गरज पडलीच, तर शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधं अशाच गाठींवर चांगली चालतात."

मी आपली बोटं पुन्हापुन्हा बघत होते. इतका आनंद मला कुठल्या दागिन्याने झाला नसेल.

तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "माहेरी कुणाला असा आजार होता?" माझी आई पोटाच्याच दुखण्याने गेली, मामाही. रक्ताच्या तपासणीत नाव कळलं, लिंच सिंड्रोम. दुरुस्ती करणाऱ्या एका जनुकात जन्मापासूनच दोष, तो आईकडून माझ्यात आलेला. माझ्याकडून मुलीत जाण्याची शक्यता निम्मी. माझी भीती गेली होती ती दुप्पट होऊन परत आली.

माझी मुलगी ऋतुजा हडपसरला आयटीत आहे. तपासणीचं नाव काढलं की म्हणायची, "आत्ता नको आई. कळलं तर मी रोज तोच विचार करत बसेन." मॅडमनी मला बजावलं होतं, निर्णय तिचा. मी गप्प राहायचं ठरवलं. ज्यांना माझा स्वभाव माहीत आहे त्यांना कळेल, ऑपरेशन त्यापेक्षा सोपं होतं.

महिन्याभराने दुकानात जायला लागले. एका शनिवारी ऋतुजा मला न्यायला आली, तेव्हा मी ब्लाऊजच्या पाठीचा नवा कागदी फर्मा, म्हणजे ज्यावरून कापड आखतात तो नमुना, भिंतीवरच्या पत्र्याच्या मूळ फर्म्यावर ठेवून ताडून बघत होते.

"दर वेळी बघतेस? काय बिघडणार आहे?"

मी तिला सुनीताची गंमत सांगितली. सुनीता माझी मदतनीस. कागदी फर्मा फाटला की ती खिळ्यावरून पत्रा काढायचा कंटाळा करायची आणि जुन्या कागदावरूनच नवा आखायची. दर वेळी पेन्सिलच्या रेघेएवढा फर्मा वाढायचा. डोळ्यांना दिसायचं नाही. एका लग्नसराईत सगळ्याजणींचे मुंढे, म्हणजे बाही जोडतात तिथला भाग, ढगळ झाले, आणि मी गिऱ्हाईक म्हणून आलेल्या वहिनींना विचारत होते, बारीक झालात का हो?

ऋतुजा हसली. मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "हे तू मला तपासणीसाठी पटवायला सांगतेयस ना?"

"हो," मी म्हटलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

बुधवारी ऑफिसमधून तिचा फोन आला. "रक्त देऊन आलेय. तुझ्या फर्म्यामुळे नाही हां, उगाच खूश होऊ नकोस."

रिपोर्ट आला. दोष तिच्यातही होता.

मी मॅडमच्या समोरच रडले. "मूळ फर्माच वाकडा दिला मी पोरीला," म्हणाले.

ऋतुजाने माझा हात धरला. "आई, तुझ्या पत्र्याचा खांद्याकडचा कोपरा झिजलाय. मग तू काय करतेस?"

"तिथे सूतभर कापड जास्त सोडते."

"का?"

"माहीत आहे म्हणून."

"मग झालं तर," ती म्हणाली. मॅडमनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि एक टिश्यू स्वतःही घेतला.

आता दर वर्षी आम्हा दोघींची कोलोनोस्कोपी असते, बाकीच्या तपासण्याही. पहिल्या खेपेला सुट्टी वाचावी म्हणून ऋतुजाने दोघींची वेळ एकाच दिवशी घेतली. घरात संडास एकच. आदल्या संध्याकाळी दोघींनी ते औषध प्यायलं आणि मग जे काही झालं त्याला शर्यतच म्हणावं लागेल. ह्यांनी शहाणपणाने आधीच शेजाऱ्यांकडे सोय लावून ठेवली होती. दाराबाहेर पोट धरून उभी असलेली ऋतुजा ओरडत होती, "आई, अगं लवकर! निम्मं तुझ्यामुळेच आहे हे!" मी आत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते.

माझं आतडं स्वच्छ निघालं. ऋतुजाच्या आतड्यात एक पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर उगवलेला मसुराएवढा उंचवटा, सापडला. असाच एखादा वर्षानुवर्षं वाढून माझी गाठ झाली होती. डॉक्टरांनी तिचा तिथल्या तिथे काढून टाकला.

तुमच्या घरात कुणी पोटाच्या दुखण्याने लवकर गेलं असेल, तर विचारा, तपासा. माझ्या आईला विचारणारं कुणी नव्हतं.

भुलीतून जागी झाल्यावर ऋतुजाने विचारलं, "काही होतं का गं?"

"होतं," मी म्हटलं. "आता नाहीये. ऊठ, दहीभात आणलाय."