बावखलाच्या काठची चोरी

ही हकिकत मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरायची इच्छाही नाही. माझ्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून चहाची वाट बघत होतो, तेवढ्यात एक मुलगी खांद्यावर कॅमेऱ्याच्या स्टँडसारखी रिकामी तिवई घेऊन आत आली आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर उभी राहिली. पायांना चिखल, डोळे रडून लाल. अंमलदाराला वाटलं, लग्नाचे फोटो काढणारी असेल.

ती मनवेलपाड्याची. वडील वालीवच्या एका कारखान्यात लेथवर कामाला. आर्किटेक्ट होऊन तिने काही काळ नोकरी केली, आणि मग ती सोडून एम.आर्क.ला प्रवेश घेतला. "आर्किटेक्ट झालीस ना? मग आता अजून काय शिकायचं राहिलं?" मी विचारलं. हा प्रश्न तिने घरीही पुष्कळदा ऐकलेला दिसत होता.

"सर, बिल्डिंग काढायला शिकले," ती म्हणाली, "पण पाणी कुठून येतं नि कुठे जातं, ते शिकायचं राहिलं."

तिच्या प्रबंधाचा विषय होता गास गावातलं एक बावखल. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं खोदलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं, आणि आसपासच्या विहिरी त्यावर जगतात. अशी कितीतरी बावखलं माती टाकून बुजवली गेली. उरलेल्यांपैकी एकाची ही मुलगी मोजमापं घेत होती. त्यासाठी कॉलेजातून तिने लेव्हल आणली होती. जमिनीचा चढउतार मोजायचं ते दुर्बिणीसारखं यंत्र असतं, तिवईवर बसवतात. आदल्या दुपारी यंत्राची पेटी झाडाखाली ठेवून ती पलीकडच्या काठाला खुंट्या ठोकायला गेली. परत येऊन बघते तर पेटी गायब.

"सर, शेवटची मापं राहिलीत. ती नाही झाली तर सबमिशन नाही, आणि यंत्र जमा नाही केलं तर कॉलेज मला परीक्षेलाच बसू देणार नाही. अख्खं वर्ष जाईल. बाबांना काय सांगू?"

मी पेटी गहाळ झाल्याची नोंद करून घेतली. पोलीस चोरीला 'गहाळ' लिहून मोकळे होतात, अशी लोकांची तक्रार असते आणि ती अगदीच खोटी नाही. इथे मात्र माझा हिशेब वेगळा होता. चोरीचा गुन्हा दाखल झाला की मिळालेलं यंत्र मुद्देमाल ठरणार, ते कोर्टाच्या हुकमाशिवाय हातात पडणार नाही, आणि तोवर तिची परीक्षा उरकलेली असणार. म्हटलं, आधी शोधू, मग बघू.

संशय अर्थातच भंगारवाल्यांवर. वालीवची दुकानं पालथी घातली. ओळखीचे दोघे-तिघे भुरटे ठाण्यात आणून बसवले. त्यातल्या एकाने "साहेब, ते विकायचं कोणाला?" असं उलट मलाच विचारलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं.

मग खबर आली ती गासच्या नाक्यावरच्या चहावाल्याकडून. बातमी म्हणावी असं त्यात काहीच नव्हतं. तो म्हणाला, "साहेब, बावखलाच्या काठी काकू राहतात ना, त्या त्या पोरीला रोज हाक मारून जेवायला बसवायच्या. पेटी गेली त्या दिवसापासून पोरगी दिसली की दार लावून घेतात." इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट बघितली आहे. माणूस नवीन काय करतो यापेक्षा, रोजचं काय करायचं सोडतो ते जास्त बोलकं असतं.

मी साध्या कपड्यात, एका महिला शिपायाला घेऊन काकूंच्या घरी गेलो. काकू एकट्याच राहत, वय साठीच्या पुढचं, खाडीकडच्या भातशेतीवर हाडं झिजलेली. पाणी पुढे केलं, पण नजर वर करेनात. मी पावसापाण्याचं विचारलं. यंत्राचा विषयही काढला नव्हता, तोच त्या म्हणाल्या, "कोनी नेला आसंल, मना काय ठाव?"

"काय नेलं, काकू?"

त्या गप्प. मीही गप्प बसलो. चौकशीत आवाज चढवणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले, पण गप्प बसण्याइतकं हमखास हत्यार माझ्या पाहण्यात नाही. बऱ्याच वेळाने त्यांनीच विचारलं, "साहेब, ती पोरगी जेवते का नाय?"

मी म्हणालो, "रडते. जेवत असेलसं वाटत नाही."

काकू उठून आत गेल्या आणि तांदळाच्या कणगीतून पेटी काढून घेऊन आल्या. भोवती जुनं मऊ लुगडं घट्ट गुंडाळलेलं, कुठे खरचटू नये म्हणून. आपणच चोरलेली वस्तू इतक्या जिवापाड सांभाळणारा चोर मी त्याआधी पाहिला नव्हता.

"पलीकडचा बावखल गेला ना, तवा पन असाच झाला," त्या सांगू लागल्या. "आधी तीन पायांचा यंत्र आला. मंग दगडावर लाल रंग लागला. मंग डंपर. या पोरीनं त्या दिवशी बावखलाच्या पायरीवर लाल रंग लावला, नि मी पेटीच उचलून घरात आनली."

मोजणीची खूण म्हणून मुलीने पायरीवर रंगाचा ठिपका दिला होता, एवढंच. मी म्हणालो, "अहो, मग बावखल बुजवणार का, असं तिला विचारायचं ना!"

"कसा विचारू? माझ्या हातचा जेवते ती. ती हो बोलली आसती, तर मंग मी तिला कशी वाढली आसती?"

बरोबरची शिपाई तोंड फिरवून बाहेर बघत राहिली.

मुलीला बोलावून घेतलं. पेटी बघून ती आधी यंत्राला नाही, काकूंनाच बिलगली. मग पडवीत बसून नकाशे उलगडले. काकूंनी सगळं बघितलं आणि रोखठोक विचारलं, "तुज्या या कागदानं डंपर थांबंल?"

मुलगी खोटं बोलली नाही. "ते नाही सांगता येत, काकू. पण उद्या कोणी म्हणालं की इथे कधी पाणी नव्हतंच, तर त्याला दाखवायला काहीतरी असेल."

काकूंनी थोडा विचार केला. मग पदर खोचला आणि मापं घ्यायची लांब पट्टी उचलून थेट पाण्यात उतरल्या. मुलीने यंत्र लावलं. "काकू, सरळ धरा! अजून डावीकडे!" मी कौतुकाने पुढे सरकलो तर माझ्यावरच ओरडली, "सर, प्लीज, मध्ये येताय तुम्ही!" मी मुकाट्याने बाजूला झालो. तिने तक्रार नाही म्हणून लेखी जबाब दिला, वस्तू मिळाल्याची नोंद झाली, आणि प्रकरण मिटलं.

लोक विचारतात, या प्रकरणातून काय शिकलात? चोराला पकडले जाण्याची भीती असते, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. आपल्या माणसाकडून नको ते उत्तर ऐकावं लागेल याचीही भीती असते, आणि ती साध्यासुध्या माणसालाही चोरी करायला लावते, हे काकूंमुळे कळलं. असा गुन्हेगार कोठडीने सुधारत नाही. त्याला समोरासमोर बसवून ते उत्तर ऐकवावं लागतं.

मुलीच्या अंतिम सादरीकरणाला तिने काकूंना आणि मला, दोघांनाही बोलावलं. मी तोवर निवृत्त झालो होतो. तिचे वडील कारखान्यातून सुट्टी काढून आले होते, मागच्या रांगेत अंग चोरून बसले होते. भिंतभर नकाशे लावलेले. परीक्षकांनी खूप उलटसुलट प्रश्न विचारले आणि तिने न डगमगता उत्तरं दिली. शेवटी एकाने विचारलं, "पाण्यातली मापं एकटीने कशी घेतली?"

"या काकूंनी मदत केली, सर," एवढंच ती म्हणाली. मधलं सगळं तिने गिळून टाकलं.

पण काकूंना ते राहवेना. भर सभागृहात त्या उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मदत मंग केली, साहेब. आधी मीच यंत्र चोरला व्हता!"

एकच हशा पिकला. मुलगी हसता हसता रडू लागली, आणि मागे तिचे वडीलही डोळे पुसत होते. माझ्या साऱ्या आयुष्यात कोणीही न विचारता दिलेला तो एकमेव कबुलीजबाब. काकू खाली बसल्या आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "आता नेता काय मना?"


मी म्हणालो, "काकू, आधी तिला पास होऊ द्या."