बेड आला, गादी आली नाही

निवृत्त पोलीस भेटला की लोक खून आणि दरोडे विचारतात. खरं सांगायचं तर त्यातले बरेचसे तपास आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. पण दवाखान्यात असतो तसल्या लोखंडी बेडची एक तक्रार मात्र अजून जशीच्या तशी समोर उभी राहते. त्यात अटक झाली नाही, पंचनामा झाला नाही, वर्तमानपत्रात ओळसुद्धा आली नाही. नावं मी सांगणार नाही. दोन्ही घरं नांदती आहेत आणि त्यांना उगाच त्रास नको.

तेव्हा मी नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. निवृत्ती तोंडावर आलेली. एका सकाळी ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी आवाज चढला म्हणून बाहेर आलो. सायखेड्याचा एक पस्तिशीचा माणूस डोक्यात राख घालून उभा होता. निफाडला पतसंस्थेत क्लार्क. मोबाईलवरून जुन्या वस्तू विकायच्या-घ्यायच्या एका ॲपवर त्याने वडिलांसाठी आजारी माणसाचा बेड घेतला होता, डोक्याकडचा भाग हँडलने वर उचलता येतो तसला. पैसे आधीच पाठवले होते. विकणारा आमच्या हद्दीतला, म्हणून गावाकडच्या ठाण्याने त्याला आमच्याकडे पिटाळलं होतं.

"साहेब, दोन दिवसांत पाठवतो म्हनला आन् फोनच बंद. तीन आठवडे! मंग एक दिवस टेम्पोवाला न सांगता बेड टाकून गेला. आन् गादीच नाय. जाहिरातीत सरळ लिव्हलंय, गादीसह."

असल्या प्रकरणात पोलीस काय सांगतात ते तुम्हाला ठाऊक असेल. ही दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा. मीही तेच सांगणार होतो. पण त्याने जाहिरात दाखवली आणि शेजारी उभ्या आमच्या हवालदार बाईंनी कान टवकारले. आमच्या हद्दीतल्या एका बंद पडलेल्या खासगी दवाखान्यातून सामान गेल्याची तक्रार तेव्हा तपासावर होती, आणि त्यात बेडही होते.

जाहिरात अशी होती: 'आईसाठी घेतला होता. आई आता स्वतः चालते, जिनासुद्धा चढते. बेडची गरज उरली नाही. उत्तम स्थितीत, गादीसह.'

"जिना चढते हे कशाला लिहायचं?" बाई म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला गोड वाटावं म्हणून. अशा आया मी लय बघितल्यात, साहेब."

बाईंचा संशय सहसा वाया जात नसे. मी तक्रार अर्ज घेतला, चौकशी त्यांच्याकडे दिली. मग सहज विचारलं, "वडील आता कसे आहेत?"

"खालीच हायेत."

"खाली म्हणजे?"

"जमिनीवर, साहेब. गोधडीवर. खुब्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हनले पाठ उचलून बसवत जा, पाय धरतील. पन खालून उठवायचं म्हनजे दोन मानसं लागत्यात आन् आप्पा वरडत्यात. आता तर उठायलाच नाय म्हनत्यात. पाठीला फोड आलेत."

"अहो, पण बेड आलाय ना?"

"पडवीत ठेवलाय. ताडपत्री घालून. वापरला तर परत घेत नाय म्हनत्यात ना ऑनलाईनवाले? मंग आपली केस ढिली पडंल. पुरावा हाय तो."

मी कपाळावर हात मारून घेतला. बाप जमिनीवर आणि बेड पुराव्यात! घरचीच एखादी गादी टाक आणि आजच्या आज त्यांना वर घे, म्हणून मी त्याला चांगलाच फैलावर घेतला. तो मान हलवत गेला. तो तसं करणार नाही हे त्याच्या मान हलवण्यावरूनच कळलं. माणूस हट्टाला पेटला की ज्याच्यासाठी भांडतो त्याच्याकडेच त्याचं लक्ष राहत नाही. भाऊबंदकीपासून घटस्फोटापर्यंत हे मी नोकरीभर बघत आलो.

हवालदार बाईंनी आधी टेम्पोवाला गाठला. त्याने पत्ता दिला आणि वर एक गोष्ट सांगितली. "बेड खोलून ठेवलेला होता. मी उचलायला गेलो तर तो माणूस थांबा म्हणाला. खाली वाकला, बेडच्या लोखंडाला हात लावून नमस्कार केला. मग म्हणाला, न्या."

बाई माझ्या केबिनमध्ये आल्या त्याच मुळी विजयी चेहऱ्याने. "साहेब, चोरीचा माल. पाप लागू नये म्हणून पाया पडला."

"चोर मालाच्या पाया पडतो, हे मी पहिल्यांदा ऐकतोय, बाई."

"देवाची मूर्ती चोरणारा पडतो की."

आता यावर काय बोलणार! दुसऱ्या दिवशी दोघांनाही बोलावून घेतलं.

विकणारा माणूस चाळिशी उलटलेला, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर. नीटनेटका शर्ट, डोक्यावर क्रिकेटवाले घालतात तसली टोपी, हातात कागदांची पिशवी. ॲपवरच्या फोटोत याला भरगच्च केस आणि झुपकेदार मिशी. समोर बसलेल्याच्या ओठावर नुसते खुंट. बाईंनी मला डोळ्यांनी खूण केली: हुलिया बदललाय.

तक्रारदार शेजारच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसला होता. मी सरळ प्रश्नाला हात घातला.

"बेड कुठून आणला?"

त्याने पिशवीतून सर्जिकलच्या दुकानाचं बिल काढलं. पक्कं बिल, त्याच्याच नावाचं. म्हणजे चोरीचा विषय तिथेच संपला. बाई जरा हिरमुसल्या.

"मग गादी कुठे आहे?"

त्याने बिल घडी करून पिशवीत ठेवलं. म्हणाला, "चूक माझीच आहे, साहेब. गादीचे पैसे देतो. म्हणतील तर सगळेच परत देतो. मिटवून टाका."

"फोन का बंद ठेवला होता?"

यावर मात्र तो गप्प.

पोलिसाला गप्प बसणारा माणूस आवडत नाही. खोटं बोलणारा परवडतो, कारण त्याला पकडता येतं. शिवाय जो कागदावर निर्दोष आहे तो एवढ्या घाईने मिटवायला का बघतो, हे मला कळेना. मी आवाज चढवला. "फोटोत मिशी, इथे मिशी नाही. काय भानगड आहे? टोपी काढा आधी."

त्याने टोपी काढली. केस सगळीकडे एकसारखे वाढलेले, कापणीनंतरच्या ज्वारीच्या धसकटांसारखे. मागे मात्र शेंडीच्या जागी चार केस लांब.

नाशिकात नोकरी केलेल्या पोलिसाला अशी डोकी नवीन नाहीत. गोदाघाटावर बंदोबस्ताला उभं राहिलं की सकाळपासून तेच दिसतं. आणि मग सगळं आपोआप जागेवर बसलं. सुतकात घरातली वस्तू बाहेर द्यायची नाही, म्हणून उशीर. माणूस गेला की त्याचं अंथरूण दुसऱ्याला द्यायचं नाही, म्हणून गादी नाही. नमस्कार बेडला नव्हताच. मी आवाज खाली आणला.

"कोण गेलं?"

"आई."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"जाहिरात टाकली तेव्हा चालत होती, साहेब. खरंच चालत होती. ते वाक्यसुद्धा तिचंच. मी नुसतं 'बेड विकणे आहे' लिहीत होतो. ती म्हणाली, असं नको, लिही की आई जिना चढते, घेणाऱ्याला धीर येईल. माझी खोली मोकळी करा म्हणून मागेच लागली होती. सकाळी टेम्पो येणार होता आणि पहाटे ती झोपेतच..." तो थांबला. "मग मी फोन बंद करून ठेवला. तेरावं झाल्यावर चालू केला तर यांचे मेसेज. वडील खाली झोपतात, लवकर पाठवा. म्हटलं, आधी बेड पोचू दे."

"मग हे सांगायचं ना त्यांना!"

त्याने तक्रारदाराकडे एकदा पाहिलं. "कसं सांगू, साहेब? यांचे वडील झोपणार त्याच्यावर."

तक्रारदाराच्या हाताची घडी सुटली होती. त्याचा राग कुठे गेला होता कुणास ठाऊक, पण त्याच्या जागी जे आलं ते जास्त अवघड होतं. तो हळूच म्हणाला, "तुमच्या आईचं वाईट झालं, दादा. पन मानूस गेलाय त्याच्यावर. माझ्या बापाला मी त्याच्यावर नाय झोपवणार. तुमी बेड घेऊन जा."

"रविवारी नेतो," सुपरवायझर म्हणाला.

कागदोपत्री वाद मिटला. दोघांचे जबाब झाले, सह्या झाल्या, दोघंही मान खाली घालून गेले. मला मात्र चैन पडेना. म्हातारा होता तिथेच, जमिनीवर राहिला होता. रविवारी माझी साप्ताहिक सुटी होती. हद्द माझी नाही, काम माझं नाही, तरी मी त्या सुपरवायझरला माझ्या गाडीत घेतलं. मागून टेम्पो, बेड परत आणायला.

पडवीत ताडपत्रीखाली पुरावा उभा होताच. आतल्या खोलीत म्हातारबाबा भिंतीकडेला गोधडीवर पडलेले. हाडापेराने मजबूत माणूस, पण नजर छताला लागलेली. दिवसेंदिवस उताणं पडलेल्या माणसाची ती नजर मला ओळखीची आहे. सून पाणी घेऊन आली. सुपरवायझर उंबऱ्यापाशीच घोटाळला.

म्हाताऱ्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "टोपी कशाला घातली रं? ये आत. कोन गेलं तुझं?"

गावाकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

"आई."

"ह्याच बेडावर?"

"आप्पा, तुमी नका इचारू ते," मुलगा मध्ये पडला. "ते नेतायत बेड."

"थांब रं तू. माझ्यासाठी आनलाय ना? मंग मला बोलू दे." म्हातारा पुन्हा त्याच्याकडे वळला. "ह्यानं मला मोबाईलमधलं वाचून दाखवलं व्हतं. आई जिना चढती म्हून. खोटं लिव्हलं व्हतं का?"

"नाही, बाबा. चढायची. रोज गच्चीवर जायची, तुळशीला पाणी घालायला."

"काय झालं व्हतं तिला?"

"खुबाच मोडला होता. तुमच्यासारखाच."

"वय?"

"तुमच्यापेक्षा थोडी मोठीच असेल."

म्हाताऱ्याने एकदा स्वतःच्या पायाकडे पाहिलं. मग मुलाला म्हणाला, "बेडानं उठवलं तिला. गेली ती तिच्या येळंनं गेली. मी हितं खाली पडून काय करू राह्यलोय? ताडपत्री काढ. आन् जा, निफाडाहून गादी आन."

मुलगा काही म्हणायला गेला, पण म्हाताऱ्याचा हात एकदा हवेत हलला आणि विषय संपला. बेड परत न्यायला आलेल्या टेम्पोत बसून दोघं गादी आणायला गेले, तक्रारदार आणि गैरअर्जदार एकाच सीटवर. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी लावलेल्या एकाही समेटाचा मला त्याइतका आनंद झाला नव्हता. खरं तर तो समेट मी लावलाही नव्हता.

गादी आली. आम्ही बेड आत घेतला. सुपरवायझरने म्हाताऱ्याच्या पाठीखाली हात कसा घालायचा, आधी कोणता पाय वर घ्यायचा, गुडघ्याखाली उशी कुठे सरकवायची, सगळं न विचारता केलं. त्याच्या हातांना सवय होती. मग तो खाली बसून हँडल फिरवायला लागला. म्हाताऱ्याची पाठ हळूहळू वर आली, तोंड खिडकीकडे झालं, आणि त्याला बाहेरचा रस्ता दिसला. "अरे, रमणाच्या शेडचं पत्रं कधी उडालं?" म्हातारा म्हणाला. सगळे हसले. हँडल धरलेला माणूस मात्र ढसाढसा रडत होता, आणि मलाही डोळे पुसावे लागले.

सोमवारी अर्ज निकाली काढताना अडचण आली. तक्रार काय, तर वर्णन खोटं आणि माल उशिरा. हवालदार बाईंनी विचारलं, "साहेब, काय लिहू? तक्रारीत तथ्य नाही?"

तथ्य तर होतं. उशीर झालाच होता आणि गादी नव्हतीच. सांगायला हवं ते सांगितलंही नव्हतं, आणि ही त्या माणसाची चूकच. घेणाऱ्याला सगळं सांगायला हवं, मग तो घेवो न घेवो. पण एखादी गोष्ट खरी की खोटी हे तपासताना ती कधी लिहिली, कुणी लिहिली आणि कुणासाठी, हे विचारायला माणूस विसरतो. पोलीस तर हमखास विसरतो, कारण त्याला घाई असते. मी बाईंना लिहायला सांगितलं की लिहिताना वर्णन खरे होते. असा शेरा आमच्या दप्तरात दुसरा नसावा.

मी निवृत्त झाल्यावर काही महिन्यांनी सायखेड्याहून त्या तक्रारदाराचा फोन आला. "साहेब, आप्पा चालत्यात! काठी घेऊन पारापातुर जात्यात. बेड आता दुसऱ्या पेशंटला द्यायचा म्हनलं, फुकट. जाहिरात टाकली."

"काय लिहिलंत? पेशंट बरे झाले म्हणून?"

"मी तेच लिव्हलं व्हतं. आप्पांनी खोडलं. म्हनले, त्या बाईचं लिव्हलेलं हाय ते तसंच राहू दे, आई जिना चढते. त्याच्याखाली आपलं लिव्ह. आन् त्याच्याखाली लिव्ह का ती आता नाय. ज्याला घ्यायचा त्यो घेईल."

"मग?"

"घेतला, साहेब. सिन्नरच्या एका पेशंटनं. उद्या येत्यात न्यायला. गादीसकट."