शेवटच्या गाण्यातली बारा पावलं

अख्ख्या तालुक्यात तो बँड ऐकणाऱ्या आम्ही दोघीच, असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं होतं. तपासायला कोण जाणार होतं? कॉलेजात सिनेमातली गाणी चालायची, गावात भजनं आणि दशावतार. परदेशातला, गिटारीपेक्षा दारांचे आणि पावसाचे आवाज जास्त वाजवणारा बँड आमच्याखेरीज कुणाच्या कानावर गेला असेल, हे आम्हाला पटणारंच नव्हतं. त्या वयात असा एखादा माज चढतो माणसाला. आम्हाला जरा जास्तच चढला होता.

माझी मैत्रीण किनाऱ्यावरची. वडील होडी घेऊन मासेमारीला जायचे, आई मासे विकायची. मी आतल्या गावातली, भातशेती आणि काजूवाल्यांची. तिचा मामा बोटीवर नोकरीला होता. एकदा सुट्टीवर येताना त्याने तिला बोटभर लांबीचा एक प्लेयर आणून दिला. त्यात त्या बँडचे दोन अल्बम होते आणि बाकी काहीच नव्हतं. मामाला ते कुणी दिले, त्याने ते कधी ऐकले होते का, देव जाणे. आमच्यापर्यंत पोचले एवढं खरं.

सकाळची मालवण-कणकवली गाडी तिच्या गावाहून सुटायची. ती आधी चढायची, डावीकडचं दोघींचं बाक धरायची, स्वतः खिडकीशी बसायची आणि शेजारी रुमाल टाकून ठेवायची. मी कट्टा गावाजवळच्या फाट्यावर चढायची, रुमाल उचलायची आणि तिच्या उजव्या हाताला बसायची. मग पिशवीतून प्लेयर निघायचा. इअरफोन एकच. त्याचं एक टोक तिच्या उजव्या कानात, दुसरं माझ्या डाव्या कानात.

बाजू बदलावी असं कधी मनात आलं नाही, आणि त्यालाही कारण होतं. आमच्याकडे कौल लावतात. देवाच्या पाषाणाला पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. होडी पाण्यात लोटायची असो की मुलीचं लग्न ठरवायचं असो, उजवा कौल मिळाल्याशिवाय काही हलत नाही. पहिल्यांदा आम्ही गाणी वाटून ऐकली त्या दिवशी तिचा पेपर होता, आणि ज्या विषयात ती हमखास नापास होणार होती त्यात पास झाली. झालं!

"उजवो माझो," तिने जाहीर केलं. "तू आपलो डावो घी आणि गप बस."

मी डावा घेतला. तीन वर्षं डावाच घेतला.

त्या अल्बममध्ये गाणी सुटी नव्हतीच. पहिल्यापासून शेवटपर्यंत एक गोष्ट होती. काळोखातला सिनेमा, नुसता पडदा तेवढा नव्हता. एक माणूस गाडी चालवत एका गावाला निघालेला असतो. ते गाव धरणाच्या पाण्याखाली जाणार असतं, सगळे निघून गेलेले असतात, आणि एक बाई तेवढी घर सोडायला तयार नसते. तिला आणायला तो निघालेला. फोन वाजून बंद पडतो, वायपर फिरतो, मध्येच पाव मिनिट काहीही ऐकू येत नाही आणि आपला श्वास अडकतो. निम्मे इंग्रजी शब्द आम्हाला कळत नव्हते. कॉलेजच्या लायब्ररीतला शब्दकोश आमच्याइतका कुणी वापरला नसेल. पण धरणाखाली गेलेलं गाव म्हणजे काय, हे आम्हाला शब्दकोशात बघावं लागलं नाही. प्रत्येकीच्या नात्यात कुणी ना कुणी तसं उठून आलेलं होतं.

दुसरा अल्बम पहिल्यांदा लावला त्या दिवशी तिने बसमध्ये बसून गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं घालणं, म्हणजे देवापुढे मागणं मांडणं, हे गावातल्या मानकरी पुरुषांचं काम, पण ती कसली ऐकते. "बा देवा महाराजा, ह्यो अल्बम पयल्यापरास काळोखी निघांदे!" आणि मी हळूच म्हटलं, "व्हय महाराजा!" पुढच्या बाकावरचे गुरुजी मागे वळून बघायला लागले तेव्हा आम्ही दोघी खिडकीबाहेर काजूची झाडं मोजत होतो.

त्याच दिवशी आम्ही ग्रामदेवतेची आण घेतली. हा बँड एकटीने ऐकायचा नाही, कधीच नाही. ऐकायचा तर दोघींनी. आज हसू येतं, पण तेव्हा आम्ही दोघी गंभीर होतो. देवाच्या नावाने घेतलेली आण आमच्याकडे थट्टेवारी नेत नाहीत.

भांडण झालं ते पहिल्या अल्बमच्या शेवटच्या गाण्यावरून. तो माणूस अखेर पोचतो, दार वाजवतो, हाक मारतो. वाद्यं थांबतात. मग मला ऐकू यायचं ते पाणी, आणि दाराआडून एका बाईचा बारीक आवाज. ती म्हणते, आहे मी, आले, थांब. संपलं. म्हणजे ती भेटली, असं माझं म्हणणं.

मैत्रीण म्हणायची, कसली बाई? तिथे बाई नाहीच. बारा पावलं आहेत, चिखलातून लांब लांब जाणारी. तो हाक मारतो, कुणी ओ देत नाही, तो परत जातो.

"तू मनातलां रचतंस," ती म्हणायची. "तुका सगळां गोड व्हया असता."

सुरुवातीला गंमत होती. मग गंमत राहिली नाही. एखादी गोष्ट आपल्याला जीवापाड आवडते आणि आपलंच माणूस म्हणतं की ती तशी नाहीच, तेव्हा फार लागतं. शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, भरल्या गाडीत, मी तिला मोठ्याने म्हटलं, "तुझे कान फुटले गो!"

तिने इअरफोन काढून गुंडाळला, पिशवीत टाकला आणि खिडकीकडे तोंड केलं. उरलेल्या दिवसांत बाकावर रुमाल दिसला नाही. मी मागे बसायला लागले. मला वाटलं ती बोलेल, तिला वाटलं असेल मी बोलेन. दोघी एकाच मातीच्या, दोघी हट्टी. परीक्षा संपली, तिचं लग्न होऊन ती दोडामार्गला गेली आणि मी नोकरीसाठी पुण्याला.

पुण्यात पहिल्या पगारातून मी मोठे हेडफोन घेतले. आणि एका रविवारी दुपारी, आण मोडून, पहिला अल्बम एकटीने लावला.

शेवटच्या गाण्यात मला बाई ऐकू आली. आणि पावलंही. एका कानात ती म्हणत होती, थांब, आणि दुसऱ्या कानात तो निघून चालला होता. बारा पावलं. मोजली मी. तिने ओ दिली होती, पण तोवर तो वळला होता. हा शेवट होता. इतका काळाकुट्ट, इतका सुंदर शेवट आम्ही तीन वर्षं अर्धा अर्धा वाटून घेतला होता आणि आपलाच वाटा खरा म्हणून भांडलो होतो. इंटरनेटवर त्या बँडच्या चाहत्यांचा ग्रुप सापडला, तिथे तर जगभरची माणसं त्या शेवटच्या मिनिटासाठी रडत होती. सगळ्यांना माहीत होतं. डावा-उजवा कौल धरून बसलेल्या आम्ही दोघीच शहाण्या.

तिला लगेच फोन करायला हवा होता. नंबर मिळवणं अवघड नव्हतं. पण सांगायचं तर आण मोडली हेही सांगावं लागणार, आणि ती बरोबर होती हेही. मी आज करू, उद्या करू म्हणत राहिले. मग इतकी वर्षं झाली की फोन करायचीच लाज वाटायला लागली. मी मुळात वाईट नाही, पण या बाबतीत वाईट वागले.

यंदा मे महिन्यात घरी गेले होते. तिची आई अजून आमच्याकडे मासे घेऊन येते, आठवड्यातून दोनदा, तीच टोपली, तसाच चढा आवाज. बांगडे मोजता मोजता ती लेकीविषयी माझ्या आईला म्हणाली, "माझ्या चेडवाचो उजवो कान गेलो गो. सकाळी उठलां तर कानात नुसती शिट्टी. डॉक्टर म्हणता शीर गेली, आता येवची नाय."

मी आत भांडी लावत होते. हातातलं पातेलं तसंच राहिलं. तुझे कान फुटले, हे माझे शब्द. आणि त्याहून वाईट म्हणजे, ती बाई आणि ती पावलं एकत्र ऐकायला जो कान लागत होता, तोच गेला होता. आता ते तिला कधीच ऐकता येणार नव्हतं. इतकी वर्षं येत होतं, तेव्हा मी गप्प बसले होते.

"बुधवारी ओरोसाक तपासूक येतलां," तिची आई म्हणाली.

बुधवारी मी ओरोसला गेले. बाजारात तारेचे जुन्या पद्धतीचे इअरफोन शोधले, कारण आता सगळे बिनतारेचे वापरतात आणि ते वाटून ऐकण्यात काय मजा. मग जिल्हा इस्पितळाच्या दाराशी थांबले. ती बाहेर आली. थोडी जाड झाली होती, केस पांढरे व्हायला लागले होते. मला बघून थांबली आणि मान वळवून डावा कान माझ्याकडे केला.

"तू खंय हंय?" ती म्हणाली, जणू परवाच भेटलो होतो.

दोडामार्गची गाडी लागली होती. माझं गाव उलट्या दिशेला, तरी मी तिच्यामागून चढले आणि कुडाळचं तिकीट काढलं. तेवढा अर्धा तास मला हवा होता. ती सवयीने डावीकडच्या खिडकीशी बसायला गेली.

"आज खिडकी माका दी," मी म्हटलं.

"कित्याक? तुका गाडी लागाक लागली काय?"

पण सरकली. मी खिडकीशी, ती माझ्या उजव्या हाताला. मी इअरफोन काढला तसा तिचा चेहरा बंद झाला. "नको गो. एका कानान काय आयकतलंय?"

"आपण दोन कानांनी कधी आयकलेलां?"

ती हसली. माझा डावा भाग मी तिच्या डाव्या कानात दिला, तिचा उजवा मी घेतला आणि शेवटचं गाणं लावलं. दार वाजलं, हाक आली, वाद्यं थांबली. माझ्या कानात पावलं निघाली. तिच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं, तरी बघितलं. तिचा हात कानावर गेला.

"ही कोण?"

"तीच. दाराआडची."

"आणि पावलां?"

"ती ह्या बाजूक." मी माझ्या कानाला बोट लावलं.

"म्हणजे ती बोलली," ती म्हणाली. "तो रवलो नाय."

"व्हय."

"तुका कधी कळलां?"

खोटं बोलता आलं असतं. "पुण्याक गेलंय त्याच वर्षी. एकटीन आयकलंय."

"मी एकदाव आयकूक नाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "कान बरो होतो तेवाव नाय. आण होती मगे."

मी रडले. गाडीत माणसं होती, तरी रडले. मी तेव्हा तुझ्या कानाविषयी बोलले ते, असं काहीतरी म्हणायला लागले.

"गप रव," ती म्हणाली. "शीर गेली माझी. तुझ्या तोंडान कोणाचे कान फुटतत तर अर्धो गाव बहिरो झालो असतो." मग माझ्या हातातला फोन बघून म्हणाली, "परत लाव."

मी परत लावलं. दार वाजलं, हाक आली. ती डोळे मिटून बसली होती. वाद्यं थांबली आणि तिचं बोट माझ्या गुडघ्यावर पडलं. एक. दोन. तीन. माझ्या उजव्या कानातल्या प्रत्येक पावलावर तिचं बोट पडत होतं, थोडंसुद्धा पुढेमागे नाही. डाव्या कानात तिला बाई ऐकू येत होती आणि पावलं ती स्वतः टाकत होती, इतक्या वर्षांपूर्वीची, पाठ. बाराव्यानंतर बोट थांबलं.

"आता झालां पुरां," ती म्हणाली.

पुढचा थांबा कुडाळ होता. मी तिला सांगितलं की इतक्या वर्षांनी बँडचा तिसरा अल्बम आलाय, गेल्याच महिन्यात, आणि तो मी अजून उघडलेला नाही.

"खरां?"

"देवाची आण."

"तुझी आण माका म्हायती आसा," ती म्हणाली. कुडाळ आलं, मी उठायला लागले, तर तिने माझा पदर धरून मला खाली बसवलं आणि कंडक्टरला पुस्तकी मराठीत हाक मारली, "मास्तर, हिचं पुढे दोडामार्गपर्यंतचं तिकीट द्या."