अण्णांचे धडधाकट आजारी

अण्णा भेटले की आधी माणसाची छाती ठोकत, मग नाव विचारत. डाव्या हाताचं मधलं बोट बरगडीवर आडवं ठेवायचं, उजव्या हाताच्या बोटाने त्यावर टकटक करायचं आणि मान तिरकी करून ऐकायचं. लग्नाच्या मांडवात त्यांनी नवरदेवाची छाती ठोकलेली मी स्वतः पाहिली आहे. नवरदेव बिचारा आशीर्वादासाठी वाकला होता. "उत्तम आहे, होऊ द्या लग्न," असं म्हणून अण्णा जेवायला बसले.

ही सवय माणसांपुरती असती तरी चाललं असतं. सांगलीच्या बाजारात त्यांनी कलिंगडाच्या ढिगाला हात लावला की विक्रेता हात जोडायचा, कारण अण्णा नापास फळ मोठ्यांदा नापास म्हणत आणि मागची गिऱ्हाइकं निघून जात. आसपासच्या गावांत त्यांना 'ठोक्या डाक्टर' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

मी त्यांच्याकडे भूल द्यायला होते. क्षयावर गोळ्या-इंजेक्शनं आपल्याकडे अजून पोचायची होती. छातीच्या एका बाजूच्या फासळ्या काढायच्या, म्हणजे आतलं किडलेलं फुप्फुस दबून निजतं आणि जखम भरते, एवढाच उपाय हाती होता. तो करणारे सर्जन मुंबई-पुण्याला. आमच्या दवाखान्यात, उसाच्या रानाच्या कडेला, अण्णा एकटे करायचे. मी भूल देताना ते माझ्याशी सतत बोलत. "बाई, हा झोपला का? बाई, पावट्याची उसळ कोणी आणली आज? बाई, हा खरंच झोपला ना?" शांत बसलेले अण्णा मी फार थोड्या वेळा पाहिले.

तर अशा अण्णांनी एका वर्षी छातीच्या डॉक्टरांच्या आमच्या मंडळाचं वार्षिक संमेलन सांगलीला बोलावलं. मंडळाच्या नावात हृदयही होतं आणि छातीही. हृदयाला हात लावायची छाती तेव्हा कोणाचीच नव्हती, पण नाव भारदस्त होतं. सभासद म्हणाल तर दोन मोटारींत मावतील एवढे. आमच्या दवाखान्याच्या विश्वस्तांनी मात्र या संमेलनावर सगळं सोडून दिलं होतं. मंडळाला अण्णांचं काम पसंत पडलं तर ऑपरेशन थिएटर चालू राहायचं, नाहीतर कुलूप. मग छातीचे रोगी मुंबईला धाडायचे.

मुंबई हा शब्द विश्वस्तांना सोपा होता. आमच्या वॉर्डात जतकडचा बिराप्पा निजून होता. मेंढरांमागे रानोरान फिरलेला हा गडी आता उशी बदलली तरी धापा टाकायचा. त्याची बायको मायव्वा त्याच्या पायाशी बसून असायची. तिने अण्णांना स्वच्छ सांगितलं होतं, "मुंबैला न्हाई न्हेणार मी. हितं हुतंय तर करा. न्हाईतर मेंढरांत न्हेते त्येला, मरंल तर आपल्या मानसांत मरंल." अण्णांनी तिला शब्द दिला नाही. ठोकून बघितल्याशिवाय ते शब्द देत नसत आणि विश्वस्तांच्या छातीवर टकटक करायची सोय नव्हती.

तयारीचे दिवस मात्र मोठे बहारीचे. पाहुण्यांसाठी गाद्या गोळा केल्या. आचाऱ्याशी अण्णांचं दोनदा भांडण झालं आणि दोन्हीदा आचारी जिंकला. इंग्रजी भाषणाची तालीम अण्णा वॉर्डात रोग्यांसमोर करत. ते श्वास घ्यायला थांबले की रोगी टाळ्या वाजवत, त्यामुळे भाषण काही पुढे सरकेना. शेवटी त्यांनी भाषणाचे कागदच भिरकावले. "बाई, कागद कशाला? माणसं दाखवू. बरे झालेले सगळे बोलवा. त्यांना बघितल्यावर मी काय बोलणार अजून?"

निरोप गेले. मेढ्याच्या बाजूचा एक निवृत्त हवालदार होता, पलटणीत छातीचा रोग जडून आलेला. अण्णांनी त्याला बरा केला होता आणि तो आता डोंगरउतारावर नाचणी पिकवत होता. बाकीच्यांना जमवून आणायचं काम अण्णांनी त्याच्यावर टाकलं. "मोठे डॉक्टर तपासणार आहेत. त्यांना पटलं तरच आपलं थिएटर राहील, एवढं सगळ्यांना सांग," असं बजावलं. हवालदाराने टाचा जुळवून सलाम ठोकला.

संमेलनाच्या सकाळी ही मंडळी आली ती थेट व्हरांड्यात, पाहुण्यांच्या समोरच. मी बघतच राहिले. ऐन उन्हाळ्यात एकेकाच्या अंगावर घोंगडी! कोणी काठी टेकत होतं, कोणी दुसऱ्याच्या खांद्यावर मान टाकली होती. हवालदार तर भिंतीला धरून चालत होता. मुंबईहून आलेले अध्यक्ष मोठे शांत, सभ्य गृहस्थ. त्यांनी एकेकाच्या छातीला नळी लावली. नळी टेकली रे टेकली की तो माणूस असा खोकायचा की अध्यक्षांनी नळी कानातून काढावी. सगळ्यांची तीच तऱ्हा.

अण्णांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी कोणाचीही छाती ठोकली नाही. मला वाटतं, ठोकायची हिंमतच झाली नाही त्यांना. अध्यक्षांनी त्यांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, तुमची मेहनत दिसते. पण रोगी सुधारलेले दिसत नाहीत. यापुढे मुंबईला पाठवावेत, हे बरं." अण्णांनी नुसती मान डोलावली. मग पाहुणे विश्रांतीसाठी गावातल्या बंगल्यावर निघाले, तेव्हा अण्णा माझ्याजवळ आले. "बाई, एवढ्या लोकांच्या फासळ्या मी उगाच काढल्या का हो?"

मला अध्यक्षांचा, घोंगड्यांचा आणि त्या खोकल्याचा असा काही संताप आला होता की काय सांगू.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. उसाला पाणी सोडलं होतं, पाट फुटून रस्त्यावर चिखल झाला होता आणि अध्यक्षांची मोटार त्या काळ्या मातीत चाकाच्या आसापर्यंत रुतली होती. ड्रायव्हर जितका जोर करी तितकी ती खाली जाई. आम्ही फाटकाशी पोचलो तर व्हरांड्यातले आमचे आजारी आमच्या अंगावरून धावत गेले. घोंगड्या कुंपणावर पडल्या, सदरे निघाले, काठ्या चाकाखाली गेल्या. हवालदार पलटणीतल्या आवाजात ओरडला, "एकसाथ! लगाव जोर! आरं, मागनं उचला गड्यांनू!" आणि मोटार अध्यक्षांसकट उचलून कोरड्या जागी ठेवली गेली.

सगळ्यांत आधी अण्णाच चिखलात शिरले. "गाढवांनो! तो हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना? त्या बाजूला फासळ्या नाहीत तुझ्या! आणि तू रे, खांदा का लावलास?" असं म्हणत ते प्रत्येकाची छाती ठोकत सुटले. टकटक, मान तिरकी, पुढचा. चौथ्या-पाचव्या माणसापाशी त्यांना उमगलं. ते थांबले, आणि डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसू लागले.

अध्यक्ष मोटारीतून उतरले. समोर उघड्या पाठींची रांग, प्रत्येक पाठीवर खांद्याच्या पात्याला वळसा घालून गेलेला अण्णांच्या हातचा व्रण. त्यांनी हवालदाराला विचारलं, "मघाशी खोकत का होतात?"

"साब, आमी पलटनीत बगितलंय," हवालदार म्हणाला. "तपासनीला सगळे धडधाकट निघाले की वरचे म्हनत्यात, हितं दवाखाना कशाला? आन् बंद करत्यात. म्हनून मीच सांगितलं सगळ्यांस्नी, आजारी दिसा. डाक्टरसायबांचं दुकान मोडाया नगं. व्हय का न्हाई?"

बाकीच्यांनी "व्हय व्हय" करून माना हलवल्या. एक जण सवयीने खोकलाही.

अध्यक्ष म्हणाले, "मुंबईत आमचे रोगी घरी जायला मिळावं म्हणून बरं असल्याचं सोंग करतात. डॉक्टरसाठी आजारी पडलेले मी आजच पाहिले." मग त्यांनी कोट काढला आणि तिथेच, उसाच्या बांधावर, सगळ्यांना पुन्हा तपासलं. या वेळी कोणी खोकलं नाही. जेवणं पार थंड झाली आणि आचारी सगळ्यांवरच रागावला. संध्याकाळच्या बैठकीत मंडळाने ठरवलं की सांगलीचं थिएटर चालू राहावं, एवढंच नव्हे, तर नव्या सर्जनांनी इथे येऊन शिकावं. विश्वस्त टाळ्या वाजवत होते. अण्णा चोरून टेबल ठोकत होते.

अध्यक्ष मुद्दाम राहिले आणि बिराप्पाच्या ऑपरेशनला अण्णांसमोर मदतनीस म्हणून उभे राहिले. मी भूल दिली. "बाई, झोपला का हा?" हे त्या दिवशी मी दोघांकडून ऐकलं.

बिराप्पा सावकाश पण पक्का बरा झाला. घरी जायच्या दिवशी मायव्वा अण्णांच्या खोलीत आली. काढलेल्या फासळ्या बघायच्या म्हणाली. अण्णांनी त्या औषधी पाण्यात घालून काचेच्या बरणीत ठेवल्या होत्या. तिने बरणी दोन्ही हातांत धरून खूप वेळ पाहिली.

"न्यायच्यात का घरी?" अण्णांनी विचारलं. "तुझ्याच माणसाच्या आहेत."

"नगं, डाक्टर," ती म्हणाली. "आख्खा मानूस मी न्हेतीया. तुमच्यापाशी बी त्येचं कायतरी ऱ्हायाला पायजे की."

तिने बरणी पुन्हा टेबलावर ठेवली आणि अण्णांच्या पाया पडली. फाटकापर्यंत तिचं गाठोडं अण्णांनीच उचललं.

अण्णा गेले तेव्हा त्यांच्या मुलाने मला विचारलं, "बाई, आठवण म्हणून तुम्हांला काय हवं?" घरात चांदीचे पेले होते, मानपत्रं होती, मंडळाने दिलेली शाल होती. मी ती बरणी मागून घेतली.