शाकाहारी गळ

आमच्या वन्सं गळाला कणीक लावायच्या. गांडूळ नाही, किडा नाही, हळद घालून घट्ट भिजवलेली गव्हाची कणीक. आणि ही कणीक दर रविवारी सकाळी त्यांना भिजवून कोण द्यायचं, तर माझ्या सासूबाई, ज्यांच्यासमोर जेवताना 'मासा' हा शब्द उच्चारायची घरात कुणाची छाती नव्हती. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या, लग्न केलेलं नव्हतं, आणि रविवार उजाडला की हडपसरवरून पुढे जाणारी बस पकडून लोणी काळभोरच्या बाजूला नदीवर जाऊन बसायच्या. धरलेला प्रत्येक मासा सोडून द्यायच्या.

"काय बाई, मासे मारायला का?" असं शेजारच्या गृहस्थांनी एकदा जिन्यात विचारलं. वन्सं थांबल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "मारायला नाही, धरायला. क्रियापद बदललं की गणित बदलतं." बसमध्ये कापडी पिशवीतली ती लांब काठी बघून कंडक्टरने बासरी आहे का म्हणून चौकशी केली, तर त्याला सांगितलं, "उंच मुलींसाठीची छडी आहे." पुढे तो कंडक्टर त्यांना न विचारताच तिकीट फाडून द्यायचा. मला त्यांची भीती वाटायची आणि त्या मला मनापासून आवडायच्या.

ही विद्या वडिलांची. ते पाटबंधारे खात्यात होते, बदलीच्या गावी कालव्यावर त्यांनी मुलीच्या हातात काठी दिली. ते गेल्यावर भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली, आपल्या घरात हे शोभतं का म्हणून. तेव्हा सासूबाईंनी सगळ्यांसमोर अट घातली. धर, पण मारू नकोस. ज्या दिवशी एक मासा तुझ्या हातून मरेल, त्या दिवशी हे बंद. कुजबुज थांबली, पण घराला तेव्हापासून रविवार संध्याकाळचा एक ताण लागला तो लागलाच. वन्सं दारात चपला काढायच्या, सासूबाई आतून विचारायच्या, "सगळे गेले?" वन्सं म्हणायच्या, "सगळे गेले." मग घर पुन्हा श्वास घ्यायचं. ह्यांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. दर रविवारी ते वर्तमानपत्र समोर धरून त्या उत्तराकडे कान लावून बसत.

मी लग्न होऊन आले ती मालवणाकडून. पहिल्याच रविवारी 'सगळे गेले' ऐकलं आणि मला वाटलं, सगळे मेले. मी भाबडेपणाने विचारलं, "मग आणले का नाहीत?" सासूबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. वन्सं मात्र इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. म्हणाल्या, "अगं, गेले म्हणजे पोहत गेले."

पण मला ते काही पटलं नाही. सासरी आल्यावर मी मासे सोडले होते, आणि ज्याने काही सोडलेलं असतं तो जरा कडवट होतोच. एकदा भाजी चिरताना मी बोलून गेले, "वन्सं, आमच्याकडे पोटासाठी मारतात. तुम्ही नुसत्या करमणुकीसाठी त्याच्या तोंडात लोखंड घालता. ही शिकारच झाली, फक्त रक्त दिसत नाही."

"तुमच्याकडचा मासा संध्याकाळी कालवणात असतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझा नदीत असतो. कोण सुखी ते त्याला विचारून ये."

"त्याला विचारून तुम्ही तरी गळ टाकता का?"

यानंतर बरेच दिवस आमचं संभाषण 'मीठ दे' आणि 'दार लाव' एवढ्यावरच होतं. मग एका शनिवारी त्या अचानक म्हणाल्या, "उद्या चल. न बघता वाद घालणाऱ्यांना मी वर्गातही नापास करते."

गेले. नदीकाठी उसाची शेतं, दूर कुठेतरी पंपाचा आवाज. वन्संनी गळाच्या टोकाचा उलटा काटा कानशीने घासून गुळगुळीत केलेला होता, म्हणजे गळ सहज निघावा. आधी हात पाण्यात भिजवायचे, कोरडा हात माशाला लावायचा नाही. पहिला मासा आला तसा क्षणात सुटला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि भुवया उडवल्या. मी हरत आले होते, आणि खरं सांगायचं तर मला हरायला आवडलं असतं.

दुसरा रोहू होता, चांगला हातभर. त्याने कणीक खोल गिळली होती. वन्संनी त्याचं तोंड उघडलं आणि त्यांचा चेहरा बदलला. गळ दिसतच नव्हता. कल्ल्यांतून रक्त यायला लागलं. त्यांनी दोरी कापली, नेसत्या पातळासकट गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि त्याला दोन्ही हातांत सरळ धरून पाण्यात पुढेमागे हलवू लागल्या. सोडला की तो आडवा व्हायचा, पांढरं पोट वर यायचं. त्या पुन्हा सरळ करायच्या. "चल रे," म्हणायच्या. "चल बाळा." शाळेत मुली ज्यांच्या नुसत्या पावलांनी गप्प होत, त्या बाईंचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला वाद नको होता, जिंकणं नको होतं, तो मासा एकदा शेपटी मारून जावा एवढंच हवं होतं. तो गेला नाही.

काठावर गवत कापणारी एक बाई विळा घेऊन जवळ आली होती. "बाई, टाकू नगा त्याला. द्या हिकडं, पोरांना कालवण व्हईल."

मी म्हटलं, "देऊन टाका, वन्सं. मी काही पाहिलं नाही. घरी कुणाला कळणार आहे?"

"नको," त्या म्हणाल्या. "आईने विचारलं की मला उत्तर द्यायचंय."

ओल्या पंच्यात गुंडाळलेला तो मासा मांडीवर घेऊन त्या बसमध्ये बसल्या. पंचा ठिबकत होता, आजूबाजूचे लोक नाकाला रुमाल लावून सरकत होते. कंडक्टर एकदा बघून निमूट पुढे गेला. मी सारा रस्ता मनात एकच घोकत होते, की बाई, एकदाच खोटं बोला. एवढा एक रविवार आहे तुमच्या आयुष्यात, तो असा स्वतःच्या हाताने घालवू नका.

दारात त्यांनी चपला काढल्या. आतून नेहमीचा प्रश्न आला, "सगळे गेले?"

"एक गेला, आई," वन्सं म्हणाल्या.

ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, त्या बाहेर आल्या. वन्संनी पंचा उलगडून दाखवला. ह्यांनी लगेच सुरुवात केली, "ताई, ठरलं होतं. आता हे बंद."

"तू गप्प बस," सासूबाई म्हणाल्या. मग माशाकडे बघत वन्संना म्हणाल्या, "हा पहिला, असं वाटतं तुला?"

वन्संना प्रश्न कळला नाही. मला कळला.

"सोडलास की तो पाण्याखाली जातो. पुढे त्याचं काय होतं, कधी बघितलंस? तोंड फाटलेला जीव तो. काही जगत असतील, काही नसतील. मला पहिल्यापासून ठाऊक आहे."

"मग अट कशाला घातलीस?"

"अट नसती तर ह्या लोकांनी तुला उंबऱ्याबाहेर सोडलं असतं?" सासूबाईंचा आवाज चढला. "तुझे बाबा गेल्यावर तू हसायचीस ती फक्त रविवारी. खाली नेऊन पुरा त्याला. आणि पुढच्या रविवारी जा."

वन्संनी आईकडे पाहिलं. परवानगी मिळालेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. सोडवलेलं गणित पहिल्याच ओळीपासून चुकलंय, असं कुणीतरी दाखवून द्यावं, तशा त्या उभ्या होत्या. "मला आधी सांगायचं होतंस," एवढंच म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर गेली असतीस?"

आम्ही दोघींनी तो सोसायटीच्या कुंपणापाशी पुरला. इतका ताजा रोहू मातीत घालताना माझा मालवणी जीव कळवळला, आणि अशा वेळी हे सुचावं याची लाजही वाटली. वन्संनी माती हातानेच सारखी केली.

पुढच्या रविवारी त्या गेल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. सासूबाईंनी सांगून पाहिलं, चिडून पाहिलं, एकदा तर रडल्या. ह्यांनीसुद्धा शेवटी म्हटलं, "जा गं ताई, घरात बसून उगाच आमचे हिशेब तपासतेस." मी तर हरतऱ्हेने विनवलं. म्हटलं, तुम्ही आणा, मी शिजवते, आपण दोघी खाऊ, मग तर नुसती करमणूक राहणार नाही? त्या म्हणाल्या, "कारण नंतर जोडायचं नसतं गं, ते आधी असावं लागतं." माझं म्हणणं खरं ठरलं होतं आणि मला ते खरं ठरायला नको होतं. त्या नदीवर असताना घरात जे त्यांची वाट बघणं असे, ते संपलं. त्या समोरच बसलेल्या असत, आणि तरी वाट बघितल्यासारखं वाटे.

सासूबाई गेल्या. पुढे वन्संही थकल्या, आणि शेवटच्या आजारात मीच त्यांच्याजवळ असायचे. एका दुपारी त्यांचे पाय चेपताना मी धीर करून विचारलं, "वन्सं, इतक्या वर्षांत कधी परत नदीवर जावंसं वाटलं नाही?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"दर रविवारी वाटलं," त्या म्हणाल्या.