लाल वर

झेंड्यातलं मला कळतं, असा माझा फार मोठा समज होता. पुण्याला शाळेत दर पंधरा ऑगस्टला झेंडा बांधायचं काम माझ्याकडेच असायचं. एकदा वर्गातल्या एकीने कागदी तिरंगा उलटा चिकटवला, तर मी तिला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं होतं.

इथे नेदरलँड्समध्ये, रायस्वाइकला, आमच्या समोरच्या दारी माझी मैत्रीण राहते, फिलिपिनो नर्स. माझ्या लेकीला ताप आला की मी खुशाल ऑफिसला जाते, ही तिला सांभाळते. गेल्या जूनमध्ये इमारतीच्या अंगणात सगळ्यांचं जेवण होतं. सजावट माझ्याकडे, प्रत्येक घराने आपापल्या देशाचा झेंडा द्यायचा. तिने घरातला फिलिपिन्सचा झेंडा आणून दिला नि म्हणाली, "निळा वर हं. लाल वर गेला तर आमच्याकडे त्याचा अर्थ युद्ध." मी ऑफिसच्या कॉलवर होते. नुसती मान हलवली.

आणि लावला की लाल वर! इथल्या डच झेंड्यात लाल वर, आपल्यात केशरी वर. हात आपले सवयीने चालले.

तिची आई तेव्हा मनिलाहून आलेली, ऐंशीच्या पुढची. झेंडा पाहून ती ताडकन उठली. तिच्या आजोबांच्या पिढीने स्पेनशी लढून स्वातंत्र्य जाहीर केलं, तर स्पेनने अख्खा देश अमेरिकेला विकून टाकला. मग अमेरिकेशी लढाई. त्यात हरले, आणि हा झेंडा लावायलाही बंदी आली. तिच्या आजोळी तो तांदळाच्या डब्यात लपवून ठेवला होता म्हणे.

"कुणी लावला असा?" तिने विचारलं.

"मला दिला तसाच लावला," मी म्हणाले आणि मैत्रिणीकडे पाहिलं. शी! आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

मैत्रीण क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग आईला म्हणाली, "माझंच चुकलं. सांगायचं राहिलं." आईने तिला चारचौघांत त्यांच्या भाषेत झाड झाड झाडलं. मी बटाटेवडे वाढत होते.

ऑगस्टमध्ये मी गॅलरीत तिरंगा लावत होते. मैत्रीण आपणहून मदतीला आली, स्टुलावर चढली आणि म्हणाली, "कुठला रंग वर? सांग, मी ऐकतेय."

"केशरी," मी कसंबसं म्हटलं.

तिची आई समोरच्या दारात खुर्ची टाकून आमच्याकडे बघत होती. आपल्या लेकीला आपला झेंडासुद्धा कळत नाही, असं तिला अजूनही वाटतं.