दुसऱ्यांदा पाडलेला माणूस

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. ज्या फोटोनं मला देशपातळीवरचा पुरस्कार मिळाला, त्यातला म्हातारा खुर्चीवरून दोनदा पाडला गेला. दुसऱ्यांदा, मी म्हटलं म्हणून.

आर्वीला एका शेठजीच्या नव्या कापूस-जिनिंगचं उद्घाटन होतं. मांडव, पाहुणे, आणि गरिबांना ब्लँकेटवाटप. रोहण्याचा दादाराव सकाळपासून रांगेत उन्हात उभा. सत्तरीचा माणूस. पुढं पांढरं कव्हर घातलेली एक खुर्ची रिकामी दिसली. बसला.

शेठजी स्टेजवरून खाली उतरला.

"उठ साले! तुया बापानं मांडली का खुर्ची?"

खांद्यावरचा दुपट्टा धरून ओढलं. दादाराव गुडघ्यांवर आला. पाहुणे हसले.

मी तेव्हा स्टेजवरची फुलं टिपत होतो. वळलो, तोवर संपलं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "शेठजी, एकदा परत."

का निघालं ते सांगतो. समर्थन नाही. वर्धा जिल्ह्यात कुठलाच हार एकदा पडत नाही. हार घालतात, आम्ही फोटोवाले ओरडतो, काढून पुन्हा घालतात. कापलेली फीत पुन्हा ताणून धरतात, पुढारी कात्री घेऊन दात दाखवत उभा. सगळी नोकरी मी हे एकच वाक्य बोलत आलो. जीभ डोक्याला विचारत नाही.

पण डोकं होतं ना? बोलल्यावर तरी थांबवता आलं असतं. थांबवलं नाही.

शेठजी खूश झाला. "बस रे बुढ्या, बस परत. फोटोवाल्याले पाह्यजे."

दादारावनं माझ्याकडे पाहिलं. तो मला ओळखत होता. माझ्या आईच्या माहेरच्या वस्तीतला, आमच्याच समाजाचा. लहानपणी मी त्याला मामा म्हणायचो. तो बसला. मी कॅमेरा डोळ्याला लावला. शेठजीनं ओढलं. या वेळी फोकस चुकला नाही.

उठता उठता मामा म्हणाला, "झालं का बाबू तुयं?"

फोटोत शेठजीचा चेहरा नाही. नुसता हात आणि अंगठ्या. विद्वान म्हणाले, काय विचार आहे, सत्तेला चेहरा नसतो! कसला विचार? आमच्या पेपरला त्याच्या जाहिराती यायच्या, म्हणून चेहरा कापला. दिल्लीत एक परीक्षक म्हणाले, या डोळ्यांत हजारो वर्षांचा संताप आहे. मी मान हलवली. हजारो वर्षं कशाला, तो मिनिटभराचा होता. आणि माझ्यावर होता. नीट पाहा. मामा शेठजीकडे बघतच नाही.

मग वर्ध्यात माझा सत्कार ठेवला. त्याच शेठजीनं. आणि मी गेलो.

इतक्या वर्षांत त्यानं माझं नाव घेतलं नव्हतं. 'ए फोटो' म्हणायचा. पंगत उठली की, "ए फोटो, तूही खाऊन घेजो, तिकडं ड्रायवर लोकाईत." मी जाऊन खायचो. वर 'जी शेठजी' म्हणायचो. त्या दिवशी माइकवर नाव घेतलं, तेही चुकीचं. शाल घालताना कानाशी वाकला.

"फोटो तुया, पण हात तं माया आहे ना बे? अर्धं बक्षीस मायं."

तो हसला. मीही हसलो. सवयीनं.

तेवढ्यात खालून एक फोटोवाला ओरडला, "शेठजी, एकदा परत!"

शेठजीनं माझ्या खांद्यावरची शाल ओढली. "वाक जरा."

मानेला कापड घासून गेलं. मामाच्या मानेला दुपट्टा कसा लागला असेल, ते मला तेव्हा कळलं. पन्नाशीला. लाज वाटावी इतक्या उशिरा.

"नाई वाकत," मी म्हटलं.

"काऊन? काय झालं?"

"घाला ते शाल तुमच्या खुर्चीले."

शेठजीनं माइकवर हात ठेवला. "औकातीत राह्य. उद्या पेपरात फोन जाते तुया नावाचा."

गेला फोन. काम सुटलं. आमच्या नालवाडीत लोक म्हणाले, शूर आहे बुवा. शूर कसला? माझ्या मानेवर आलं तेव्हा मी 'नाई' म्हटलं. मामाच्या मानेवर होतं, तेव्हा 'एकदा परत' म्हटलं होतं.

न कापलेला मूळ फोटो माझ्याकडे आहे. त्यात शेठजीचा अख्खा चेहरा आहे. हसरा. तो छापायची माझी तयारी आहे. करू द्या त्याला कोर्टकचेरी. पण त्या फोटोत मामाही आहे. त्याला पुन्हा एकदा चारचौघांत गुडघ्यांवर आणायचा हक्क मला नाही.

म्हणून आधी रोहण्याला जाणार. मामाच्या दारात, त्याच्या लेकासुनांसमोर उभा राहून सांगणार, तुमाले दुसऱ्यांदा पाडलं ते मी. माफी मागणार नाही. मागितली की समोरच्याला द्यावी लागते, आणि आमचे म्हातारे देऊन टाकतात. फोटो छापायचा की जाळायचा, हे मामा ठरवेल.

त्या दिवशी मी त्याला विचारलं नव्हतं. ते विचारणं अजून माझ्यावर त्याचं देणं आहे.